लाइफ कोच व्हायचंय, पण सर्टिफिकेट कोणतं घेऊ?

प्रश्न विचारणाऱ्या ताई नाशिकच्या. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पंधरा वर्षं एचआरमध्ये आहेत. लोक आपल्याशी मन मोकळं करतात, आपल्याला ऐकून घ्यायला आवडतं, म्हणून लाइफ कोचिंगमध्ये (म्हणजे सल्ला न देता, ऐकून आणि प्रश्न विचारून माणसाला स्वतःची वाट शोधायला मदत करणं) यावं असं त्यांना वाटतंय. फोनवर एक जाहिरात आली: दोन दिवसांच्या वर्कशॉपनंतर 'सर्टिफाइड लाइफ कोच', फी पस्तीस हजारांची आज रात्री बारापर्यंत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. त्या विचारतात: हे चालेल का, की ते आयसीएफ का काय म्हणतात तेच करावं लागतं? नोकरी सोडू का? आणि मराठी माणूस यासाठी पैसे देतो का?

ताई, सगळ्यात आधी कायद्याचं. भारतात लाइफ कोच म्हणून काम करायला कुठलाही परवाना किंवा सरकारी नोंदणी लागत नाही. वकील, डॉक्टर, सीए यांच्यासारखी परिषद इथे नाही. उद्या सकाळी दारावर पाटी लावलीत तरी कोणी जाब विचारायला येणार नाही. त्यामुळे 'सर्टिफाइड' हा शब्द कोणीही छापू शकतो आणि छापतोही. ते दोन दिवसांचं सर्टिफिकेट बेकायदा नाही, पण त्याच्यामागे ते वर्कशॉप घेणाऱ्या माणसाच्या सहीपलीकडे काही नाही. एनएलपी (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे भाषा आणि विचारांच्या सवयी बदलण्याची एक पद्धत) प्रॅक्टिशनर, मास्टर प्रॅक्टिशनर वगैरे पदव्यांचंही बरंचसं असंच आहे. त्यातल्या काही गोष्टी शिकण्यासारख्या असतील, पण सगळ्यांवर देखरेख करणारी एकच संस्था नाही. कुठे ती चार दिवसांत मिळते, कुठे चार महिन्यांत, आणि कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

आता आयसीएफ. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन १९९५ साली अमेरिकेत थॉमस लेनर्ड यांनी सुरू केली. ते मूळचे आर्थिक नियोजनकार. लोक पैशांबद्दल बोलायला येतात आणि आयुष्याबद्दल बोलतात, या अनुभवातून ते इकडे वळले. आज कॉर्पोरेट जगात कोच निवडताना बहुतेक वेळा याच संस्थेचं क्रेडेन्शियल (कोच म्हणून पात्रतेचा दाखला) विचारलं जातं. युरोपातली ईएमसीसी (युरोपियन मेंटरिंग अँड कोचिंग कौन्सिल) आणि ब्रिटनमधली असोसिएशन फॉर कोचिंग याही चांगल्या संस्था आहेत, पण पुण्या-मुंबईच्या एचआर विभागात त्यांची नावं सांगितलीत तर आधी स्पष्टीकरण द्यावं लागेल.

इथे नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो. कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र वेगळं आणि क्रेडेन्शियल वेगळं. कोर्स शिकवणारी संस्था तुम्हाला प्रमाणपत्र देते. क्रेडेन्शियल आयसीएफ देते, आणि त्यासाठी कोर्स ही फक्त पहिली पायरी. पहिलं क्रेडेन्शियल एसीसी (असोसिएट सर्टिफाइड कोच). त्याला किमान ६० तासांचं प्रशिक्षण, १०० तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव (त्यातले ७५ पैसे घेऊन), किमान आठ क्लाएंट, १० तास मेंटर कोचिंग, रेकॉर्ड केलेल्या सेशनचं मूल्यमापन आणि शेवटी परीक्षा. पुढचं पीसीसी (प्रोफेशनल सर्टिफाइड कोच): प्रशिक्षण १२५ तास, अनुभव ५०० तास. आणि एमसीसी (मास्टर सर्टिफाइड कोच) म्हणजे २५०० तास, तेही आधी पीसीसी असेल तरच. एसीसीच्या १०० तासांपैकी किमान २५ अर्ज करण्याआधीच्या १८ महिन्यांतले हवेत, त्यामुळे 'सावकाश करू कधीतरी' म्हणून चालत नाही. मिळालेलं क्रेडेन्शियल तीन वर्षांचं. पुढे टिकवायला दर तीन वर्षांनी ४० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, आणि एसीसीवाल्यांना पुन्हा १० तास मेंटर कोचिंग.

हे आकडे वाचून लोक ६० आणि १०० या आकड्यांकडे बघतात. माझ्या मते बघायचा आकडा आहे तो १०. मेंटर कोचिंग म्हणजे तुमचं सेशन कोणीतरी मुरलेला कोच ऐकतो आणि तुम्ही कुठे काय केलंत ते तुमच्यासमोर मांडतो. किमान तीन महिन्यांत पसरलेले १० तास, त्यातले निदान ३ तुमचे एकटीचे, उरलेले गटात चालतात. पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून, वर्गात बसून कोचिंगबद्दल सगळं कळतं. फक्त कोचिंग येत नाही. ते कोणीतरी ऐकून टोकल्यावर येतं.

कसं ते दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. शिकाऊ कोच बँकेत अधिकारी, हुशार बाई. क्लाएंट हिंजवडीत आयटीत काम करणारा तिशीचा मुलगा. वडिलांचं साताऱ्याकडे कृषी सेवा केंद्र आहे, त्यांना मुलाने परत येऊन ते सांभाळावं असं वाटतंय. रेकॉर्डिंगमध्ये तो म्हणतो:

"बाबांना वाटतं मी परत यावं. म्हणजे... मलाही वाटतं. पण बायकोची नोकरी इथे आहे."

कोच लगेच विचारते: "मग कंपनीकडे वर्क फ्रॉम होम मागता येईल का, याचा विचार केलाय का?"

वर वर बघता हा प्रश्न आहे. शेवटी प्रश्नचिन्हही आहे. पण खरं तर हा सल्ला आहे, प्रश्नाचा मुखवटा लावून आलेला. मुलगा सज्जन होता, म्हणाला, हो, मॅनेजरशी बोलतो. पुढची वीस मिनिटं दोघांनी मॅनेजरशी काय बोलायचं याची तयारी केली. शेवटी कृती ठरली, तारीख ठरली. कोचला वाटलं सेशन फार छान झालं. तो मुलगा पुढच्या सेशनला आला नाही.

मेंटर म्हणून मी रेकॉर्डिंग थांबवलं ते 'म्हणजे... मलाही वाटतं' इथे. त्या पॉजमध्ये सगळं सेशन होतं. आतापर्यंत तो ही गोष्ट 'बाबांचा हट्ट' म्हणून सांगत होता आणि त्या एका वाक्यात ती त्याची स्वतःची झाली होती. तिथे एवढंच म्हणायचं होतं: "'मलाही वाटतं' म्हणताना थांबलात जरा." आणि मग गप्प बसायचं. त्याने काय सांगितलं असतं कोणास ठाऊक. कदाचित आयटीचा कंटाळा आला असेल, कदाचित शेतकऱ्यांशी बोलायला आवडत असेल, कदाचित बायकोशी हे बोलायची भीती वाटत असेल. वर्क फ्रॉम होमने यातलं काहीच सुटत नाही.

त्या कोचबाईंनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "हा पॉज मला ऐकूच आला नव्हता," म्हणाल्या. साहजिक आहे. आपण पुढचा प्रश्न शोधण्यात गुंतलेलो असतो. आयसीएफच्या आठ कोअर कॉम्पिटन्सीजमध्ये (कोचला यायलाच हव्यात अशा मूलभूत क्षमतांमध्ये) ऐकण्याची एक वेगळी क्षमता म्हणून नोंद आहे, तिची व्याख्या कुठल्याही कोर्समध्ये पहिल्या आठवड्यात पाठ होते, आणि कानात उतरायला महिने लागतात.

तुमच्या बाबतीत यात आणखी एक पेच आहे, तो आताच सांगून ठेवते. एचआरमधल्या माणसाची पंधरा वर्षांची सवय म्हणजे तोडगा काढणे. माणूस केबिनमध्ये येतो, तुम्ही ऐकता, पॉलिसी बघता, दोन पर्याय देता. लोक तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात हे खरं असेल, पण ते कशासाठी बोलतात हेही बघा. बऱ्याचदा 'मॅडम काहीतरी करतील' म्हणून बोलतात. कोचिंगमध्ये मॅडमनी काही करायचं नसतं. आणि मराठी क्लाएंट हमखास म्हणणार, "मॅडम, तुम्हीच सांगा ना, तुम्ही एवढं बघितलंय." वयाने, अनुभवाने मोठ्या माणसाने सांगायचं आणि आपण ऐकायचं, ही आपल्या घराघरातली रीत. त्या क्षणी 'मी कोच आहे, सल्ला देत नाही' असं पुस्तकी वाक्य फेकलंत तर समोरच्याला तो उद्धटपणा वाटतो. मी साधारण असं म्हणते: "सांगते मी माझं मत, शेवटी हवं असेल तर. त्याआधी तुम्ही काय काय ताडून बघितलंय ते सांगा." दहातल्या आठ वेळा शेवटी माझं मत कोणी मागत नाही. पहिल्याच भेटीत, काम सुरू होण्याआधी, कोचिंग म्हणजे काय आणि काय नाही हे पाच मिनिटं बोलून घेतलं की ही ओढाताण निम्मी कमी होते.

म्हणून कोर्स निवडताना फी, हॉटेलचा हॉल, फॅकल्टीचे फोटो हे सगळं बाजूला ठेवा आणि फोन करून एकच विचारा: माझी किती सेशन्स कोण ऐकणार आहे, आणि त्यावरचा अभिप्राय मला लेखी मिळणार की तोंडी? उत्तर गुळमुळीत आलं तर फोन ठेवा. दुसरं, आयसीएफची मान्यता कोणत्या प्रकारची आहे ते नीट विचारा. तुम्हाला एसीसीसाठी 'लेव्हल १' मान्यता असलेला कोर्स हवा. तोच पुढे वाढवून 'लेव्हल २' झाला की पीसीसीची वाट मोकळी होते. बाजारात 'आयसीएफच्या धर्तीवर', 'आयसीएफ अलाइन्ड' असे शब्द फिरतात, त्यांना काही अर्थ नाही. 'सीसीई (कंटिन्यूइंग कोच एज्युकेशन) मान्यता' हा शब्द जास्त फसवा आहे, कारण ती मान्यता खरी असते, पण ती असते आधीच क्रेडेन्शियल असलेल्यांच्या पुढच्या शिक्षणासाठी. आयसीएफच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कोर्स शोधायची सोय आहे. पैसे भरण्याआधी तिथे कोर्सचं नाव स्वतः बघा, सेल्सवाल्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

आणखी एक प्रश्न मराठीत काम करायचं असेल तर विचारायलाच हवा: माझं सेशन मराठीत असेल तर ते ऐकणारं कोणी तुमच्याकडे आहे का? बहुतेक कोर्स इंग्रजीत चालतात. मुलाखतीच्या इंग्रजीत उत्तम बोलणारा क्लाएंटही रडू आलं की मराठीवर येतो. तुमचा सगळा सराव इंग्रजीत आणि काम मराठीत, असं झालं तर पहिले काही महिने चाचपडाल. पुण्यात आणि मुंबईत आयसीएफचे चॅप्टर (स्थानिक शाखा) आहेत. त्यांच्या कार्यक्रमांना आधी पाहुणी म्हणून जाऊन या, कोर्स केलेल्यांशी बोला, मराठीत काम करणारे मेंटर कोण आहेत ते तिथेच कळतं.

खर्चाचं सांगायचं तर लेव्हल १ चा बरा कोर्स साधारण लाख-दीड लाखापासून पुढे जातो. मेंटर कोचिंग त्यात धरलंय की वेगळं, हे विचारून घ्या. आयसीएफची अर्जाची फी डॉलरमध्ये आणि वेगळी. सभासद झालात तर अर्ज स्वस्त पडतो, पण सभासदत्वाचे पैसे दरवर्षी. हे सगळं जोडून बघा. आणि 'शंभर टक्के क्लाएंट मिळवून देऊ' म्हणणाऱ्याचा कोर्स तर अजिबात नको.

आता सगळ्यात नाजूक विषय. कोचिंग म्हणजे उपचार नव्हे. हे सगळेच म्हणतात, पण प्रत्यक्ष सेशनमध्ये रेषा कुठे आहे ते ओळखायला शिकवलं जातंय का, हेही कोर्स निवडताना बघा. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, समुपदेशकांसह इतर अनेक व्यवसायांसाठी २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आला. लाइफ कोच यातल्या कशातच बसत नाही, म्हणून जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. क्लाएंट आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवत नाही, कामावर जाऊ शकत नाही, सगळं निरर्थक वाटतं म्हणतो, घरात मारहाण आहे, दारू हाताबाहेर गेली आहे, तर त्याच्याबरोबर 'पुढच्या पाच वर्षांचं ध्येय' ठरवत बसू नका. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सायकॉलॉजिस्टकडे पाठवा. त्यांची दोन-तीन नावं आधीपासून हाताशी ठेवा, वेळ आल्यावर शोधत बसू नका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर सेशन तिथेच थांबवा, त्याला एकटं सोडू नका, घरातल्या कोणाला तरी बोलावून घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. हा नंबर तुमच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा.

आणि स्वतःलाही विचारा. तुम्हाला नैराश्य, लग्नातले ताण, बालपणीच्या जखमा यावरच काम करायची ओढ असेल तर कोचिंग हा आडमार्ग ठरेल. सरळ मानसशास्त्रात एमए करा, समुपदेशनाचं रीतसर प्रशिक्षण घ्या. मराठीत या कामाची परंपरा चांगली आहे. कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं आरईबीटी (विचार बदलून भावना सावरण्याची उपचारपद्धती) मराठी माणसांपर्यंत आणलं, ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेने मानसिक आरोग्याबद्दल चारचौघांत बोलायला शिकवलं. त्या वाटेला वेळ जास्त लागतो, पण एकेचाळीस-बेचाळीसव्या वर्षी ती पकडलेले लोक मी बघितलेत आणि ते छान काम करतायत.

नोकरी सोडू नका. निदान पहिले १०० तास होईपर्यंत तरी नाही. घरखर्च कोचिंगवर अवलंबून असला की क्लाएंटला सोडवत नाही. ज्याला तिसऱ्या सेशननंतर 'आता तुम्हाला माझी गरज नाही' असं म्हणायला हवं, त्याला आपण दहा सेशनचं पॅकेज विकतो. ७५ तास पैसे घेऊन असावेत ही अट ऐकून नवखे घाबरतात, पण किती पैसे याला बंधन नाही. सेशनला दोनशे रुपये घेतले तरी ते पैसे घेतलेलं सेशनच. मी तर म्हणेन, पहिल्या दोन-तीन क्लाएंटनंतर फुकट करूच नका. फुकटातला क्लाएंट सेशन पुढे ढकलतो, मध्येच फोन घेतो. शंभर रुपये भरलेला वेळेवर येतो.

मराठी माणूस पैसे देतो का, तर देतो, पण 'लाइफ कोच' या पाटीला नाही. एखाद्या ठरावीक प्रश्नाला देतो. बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या बायका, पहिल्यांदा सुपरवायझर झालेले डिप्लोमावाले, मुलांनी वडिलांचा धंदा हातात घेतलाय अशी कुटुंबं, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले बँकवाले. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शॉप फ्लोअरवरून वर आलेले किती सुपरवायझर असतील, तुम्हालाच ठाऊक. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना आज कामाला लावायचं, हा त्यांचा पेच तुम्ही जवळून बघितलाय. पुण्यातल्या एखाद्या एक्झिक्युटिव्ह कोचला हे विश्व माहीतच नाही. तुमची जागा तिथे आहे, इन्स्टाग्रामवर रोज सकाळी प्रेरणादायी वाक्य टाकण्यात नाही.

फक्त तुमच्याच कंपनीतल्या माणसांना कोच करू नका. अप्रेझलची फाइल जिच्या टेबलावर असते तिच्यासमोर कोण खरं बोलेल? दुसऱ्या कंपनीने तुम्हाला कामाला लावलं तर पैसे देणारा मालक, कोचिंग घेणारा सुपरवायझर आणि तुम्ही, असा तिघांचा लेखी करार करा. मालकाला काय कळवायचं (किती सेशन झाली, उद्दिष्ट काय होतं) आणि काय अजिबात कळवायचं नाही (बाकी सगळं) हे त्यात आधीच लिहा. तुम्ही एचआरच्या असल्यामुळे मालक तुम्हाला हक्काने फोन करेल, "ताई, काय म्हणतो तो, राहणार ना आपल्याकडे?" उत्तर करारात असलं की तुम्हाला संकोच होत नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटीची नोंदणी साधारणपणे लागत नाही, तरी सीएला एकदा विचारून ठेवा.

तेव्हा त्या रात्री बाराच्या ऑफरला जाऊ द्या, पुढच्या महिन्यात ती परत येईलच. आधी दोन-तीन लेव्हल १ कोर्सच्या डेमो सेशनला बसा, एखाद्या क्रेडेन्शियल असलेल्या कोचकडून स्वतः तीन-चार सेशन घ्या, म्हणजे खुर्चीच्या त्या बाजूला बसल्यावर काय होतं ते कळेल. तास मोजले जातात ते प्रशिक्षण सुरू झाल्यानंतरचे, त्यामुळे कोर्सच्या पहिल्या आठवड्यातच एक एक्सेल शीट उघडा: क्लाएंटचं नाव, ईमेल, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पैसे घेऊन झालेले तास, विनामूल्य तास. अर्ध्या तासाचं सेशन अर्धा तास म्हणूनच लिहा. आणि नाव लिहिण्याआधी क्लाएंटला विचारा, की क्रेडेन्शियलच्या कामासाठी तुमचं नाव नोंदवलं तर चालेल का. एक-दोघं नाही म्हणतील. त्यांचे तास सोडून द्या.